काकांची बाग आणि तीन ट्रॉल्या साल

गल्लीच्या तोंडाशी तिसरी ट्रॉली वळायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपल्या गणितात कुठेतरी गडबड झालेली आहे. पहिली आली तेव्हा वाटलं होतं, जरा जास्त आहे, पण चालेल. दुसरी आली तेव्हा वाटलं, ही दुसऱ्या कोणाची असेल, पत्ता चुकली बिचारी. तिसरीच्या ड्रायव्हरने मात्र खाली वाकून मोठ्याने विचारलं, "गणिताचे मास्तर कुठले?" आणि माझ्याकडे बोट दाखवायला अख्खी गल्ली तयारच उभी होती.

चूक अगदी साधी होती. मावशीच्या घरामागचं अंगण मी फुटांत मोजलं. त्यावर झाडाच्या सालीचा थर हवा होता तीन इंचांचा. मी लांबी गुणिले रुंदी गुणिले तीन केलं आणि जे उत्तर आलं ते घनफूट म्हणून लाकडाच्या वखारीत कळवून टाकलं. बाराने भागायचं राहिलं. पाव ट्रॉलीत भागणारं काम तीन ट्रॉल्यांवर गेलं. शिकवणीत हीच चूक करणाऱ्या पोराला मी "अरे, एककं बघ, एककं" म्हणून सगळ्यांदेखत हसतो. त्या दिवशी माझ्या शिकवणीतली दोन पोरं गल्लीत हजर होती. ती हसली नाहीत. त्यांनी फक्त एकमेकांकडे पाहिलं, ते जास्त लागलं.

वखारवाल्यानेही काही विचारलं नव्हतं. विचारेल कशाला? ओंडके सोलून निघालेल्या सालीचा डोंगर त्याच्या आवारात साचलेला, त्याला रस्ता मोकळा हवा होता, आणि हे फुकट न्यायला तयार असलेला शहाणा त्याला पहिल्यांदाच भेटला होता. त्याने मोठ्या मनाने घरपोच पाठवली. आता ती साल आमच्या दारापासून शेजारच्या बेकरीच्या शटरपर्यंत पसरली होती आणि ढिगाच्या पलीकडून बेकरीवाल्याचं फक्त डोकं दिसत होतं. त्याच्या हातात भाजलेल्या पावांचा ट्रे होता आणि तो बाहेर कसा यायचा याचा विचार करत होता.

त्या ढिगाकडे प्रेमाने बघणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मावशीचे यजमान, माझे काका. दोन्ही हात मागे बांधून, पाय फाकवून, जरासे पुढेमागे झुलत ते उभे होते आणि म्हणत होते, "बसेल. सगळं बसेल. थोडं आत सरकवावं लागेल, एवढंच."

'बसेल' हा काकांचा लाडका शब्द. उभा जन्म त्यांनी बसच्या दारात तो शब्द म्हणण्यात घालवला. काका कंडक्टर होते. होते म्हणजे डेपोच्या कागदोपत्री होते. घरात ते अजून आहेत.

मी नोकरीसाठी या गावात आलो आणि मावशीकडे राहायला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मला ते कळलं. काका घरात चालताना कधी सरळ चालत नाहीत. कपाटाच्या कोपऱ्यावरून वळायचं असलं, की त्यांचा उजवा हात आपोआप वर जातो, दांडा धरायला. घराला दांडा कुठला असायला? काही वर्षं तो हात हवेतच जाऊन परत यायचा. शेवटी मावशीने तिथे बरोबर त्या उंचीवर एक दणकट खुंटी ठोकून घेतली. आता काका वळताना ती खुंटी धरतात आणि घर नीट वळतं. जेवताना त्यांना काही हवं असलं तर ते पेल्यावर चमच्याने दोनदा टकटक करतात, म्हणजे येऊ द्या पुढे. एकदाच टक केलं तर थांबा, पुरे. मावशीला दोन टकटक स्वयंपाकघरातून ऐकू येतात. एक टक शेजारी बसूनही ऐकू येत नाही.

सुट्या पैशांची त्यांची जुनी चामड्याची पिशवी अजून खुंटीला आहे. तिच्या कप्प्यांत आता बिया असतात. एका कप्प्यात कॉसमॉस, एकात तेरडा, एकात झिनिया आणि सगळ्यात आतल्या, नोटांच्या कप्प्यात कसली कोण जाणे, स्वतः काकांनाही आठवत नाही. शेजारीपाजारी कोणी वाटी परत द्यायला आलं, की काका पिशवीत दोन बोटं घालतात आणि चिमूटभर बी त्यांच्या तळहातावर ठेवतात. गल्लीत त्यामुळे कॉसमॉस नाही असं एकही घर नाही, आणि कॉसमॉस लावायचाच होता असंही एक घर नाही.

तर बाग. घरामागचं अंगण लांबीला बसएवढं आणि रुंदीला बसहून थोडं जास्त. मधून पायवाट आणि दोन्ही बाजूंना वाफे. काकांनी हे मुद्दाम केलं का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, दुसरं कसं करतात? टोकाला एक लिंबाचं झाड आहे. त्याला काका ड्रायव्हर म्हणतात, कारण ते कोणाशी बोलत नाही आणि सगळी गाडी त्याच्यावर आहे. ते झाड मात्र मावशीचं. ते लग्नानंतर तिने लावलं, त्याची लिंबं तिच्या हिशेबातली, आणि काकांनी त्याला हात लावायचा नाही असा कायदा.

बाकी सगळी गाडी काकांची. आणि त्या गाडीत तण हा शब्द नाही. तिथे आहेत विनातिकीट. रोज सकाळी चहा झाला, की काका खुरपं घेऊन उकिडवे बसायचे आणि चौकशी सुरू व्हायची. हरळीला विचारायचे, "कुठून चढलात?" लव्हाळ्याला म्हणायचे, "तुम्ही काल उतरला होतात ना हो?" उपटलेलं तण ते इकडेतिकडे फेकत नसत. हातात धरून कोपऱ्यातल्या कंपोस्टच्या खड्ड्यापर्यंत नेऊन सोडत. नोकरीत असतानासुद्धा त्यांनी कधी फुकट्या प्रवाशाला मध्येच रस्त्यात उतरवलं नाही, असं त्यांच्या डेपोतले लोक सांगतात. उतरवायचा तो स्टॉपवर, उन्हापावसाला आडोसा असेल तिथे. एकदा एका म्हाताऱ्याकडे तिकिटाला काही नव्हतं, तर काका त्याच्याशी भांडत भांडत त्याच्या गावापर्यंत गेले. भांडण संपलं नव्हतं म्हणून उतरवलं नाही, असं ते चेकरला म्हणाले.

जन्मभर हलत्या गाडीत उभं राहिलेल्या माणसाचे गुडघे शेवटी हिशेब मागतातच. एका दुपारी मावशी बाजारात गेली होती, मी शिकवणीला. काका लिंबाजवळच्या वाफ्यात बसले आणि मग उठता येईना. त्यांनी हाका मारल्या, पण शेजारी बेकरीचा पंखा घरघरत होता. काकांनी विचार केला, आता बसलोच आहोत तर काम करावं. हात पोचेल तिथवरचं सगळं तण त्यांनी उपटून काढलं. तरी कोणी येईना, म्हणून मग ते तेरड्याची दाटी विरळ करायला लागले. बेकरीवाला पिठाची रिकामी पोती झटकायला मागे आला तेव्हा काका एका गोल, स्वच्छ, ओसाड रिंगणात मधोमध बसलेले होते आणि त्यांनी त्याला काय सांगितलं, तर पाव नंतर दे, आधी हात दे.

डॉक्टरांनी उकिडवं बसणं कायमचं बंद केलं. मावशीने त्याच संध्याकाळी फरशीवाल्या मिस्त्रीला बोलावलं. तिचं म्हणणं सरळ होतं. जोपर्यंत माती आहे तोपर्यंत हे खाली बसणार, आणि एक दिवस असे बसतील की कोणी पोती झटकायला येणार नाही. अंगणाला फरशी घातली, की प्रश्न मिटला. मिस्त्रीने टेप लावून अंगण मोजलं आणि दोन दिवसांत उडवून देतो म्हणाला. लिंबाभोवती एक चौकोन ठेवायचं त्याने कबूल केलं.

रात्री जेवताना काकांच्या पेल्यावर टकटक झाली नाही. मावशीने जे वाढलं ते खाल्लं, पुन्हा वाढलं तेही खाल्लं. एक टक नाही, दोन टक नाहीत. मावशी मला आत बोलावून म्हणाली की हे असं मुकाट जेवणारं माणूस तिला नको होतं, पण कोलमडलेलं माणूस त्याहून नको.

तेव्हा मी शहाणपणा केला. मी म्हणालो, आपण मल्चिंग करू. म्हणजे मातीवर सालीच्या तुकड्यांचं आच्छादन घालायचं. खाली उजेड पोचत नाही, तण उगवत नाही, ओल टिकते, आणि मुख्य म्हणजे कोणाला खाली बसावं लागत नाही. वखारीत साल फुकट पडली आहे. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, की गणित शिकवणाऱ्या माणसाला झाडाची साल काय कळते. तरी तिने अट घालून कबूल केलं. सुट्टीत त्यांची लेक आणि नात राहायला येणार होत्या. तोपर्यंत काका एकदाही खाली न बसता बाग साफ राहिली, तर बाग राहील. एकदा जरी हे मातीत बसलेले दिसले, तर त्याच दिवशी मिस्त्रीला फोन.

काकांनी पेल्यावर दोनदा टकटक केली.

म्हणून त्या तीन ट्रॉल्या. मी वखारवाल्याला फोन करून सांगितलं की दोन परत न्या, माझी चूक झाली. तो म्हणाला, ट्रॉल्या आमच्याच आहेत, त्या येतीलच परत, सालीचं आता तुम्ही बघा. आणि काकांनाही परत पाठवणं मंजूर नव्हतं. गाडीत घेतलेलं माणूस मध्येच उतरवायचं नाही, हा नियम त्यांनी सालीलाही लावला. दिवसभर मी, बेकरीवाला आणि त्याचा कारागीर घमेली भरभरून घरातून मागे नेत होतो. काका मागच्या दारात उभे राहून, "मागे जागा आहे, दारात थांबू नका, पुढे सरका," असं ओरडत होते. त्यांचा आवाज असा लागला होता, की रस्त्यावरची दोन माणसं खरंच पुढे सरकली. मावशी केरसुणी घेऊन आमच्या मागून फिरत होती आणि माझ्या शिक्षणाबद्दल बोलत होती. संध्याकाळपर्यंत तीन इंचांच्या जागी साल गुडघ्याला लागत होती. अगदीच मावेना ती बेकरीवाल्याने भट्टीत घातली. पुढचा आठवडाभर त्याच्या पावांना जंगलाचा वास येत होता आणि काही गिऱ्हाइकं खास तेच पाव मागायला लागली होती.

बरं, उपाय लागू पडला. असा लागू पडला की बोलायची सोय नाही. हरळी दिसेना, लव्हाळा दिसेना, काहीच दिसेना. तांबूस, कोरडी, सुवासिक साल इथून तिथवर. मावशी संध्याकाळी चप्पल घालून त्यावरून फेऱ्या मारायला लागली. म्हणाली, गादीवर चालल्यासारखं वाटतं. शेजारणींना बोलावून दाखवलं. माझ्या शिक्षणाबद्दलचं तिचं मतही जरा सुधारलं.

काकांचं मात्र काहीतरी बिनसलं. रोज सकाळी चहा झाला, की ते मागच्या दारात येऊन उभे राहायचे, पाय फाकवून, हात मागे. बघायचे. कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. थोड्या वेळाने परत आत येऊन खुंटी धरून वळायचे. मग ते बाहेर जायला लागले. गल्लीतल्या भिंतींच्या फटींतलं तण उभ्याने उपटायला लागले. नळाच्या चबुतऱ्याभोवतीचं काढलं. डाक टाकायच्या पेटीच्या पायातलं काढलं. बेकरीवाल्याच्या बायकोच्या खिडकीतल्या कुंडीत काहीतरी कोवळं हिरवं वर आलेलं दिसलं, तेही काकांनी जाता जाता साफ केलं. ती कोथिंबीर होती. बाईंनी मावशीला येऊन सांगितलं की साहेबांना काहीतरी काम द्या, नाहीतर ते माझा वेलदोडासुद्धा उपटतील. तिच्याकडे वेलदोडा नव्हता, पण मुद्दा पोचला.

आणि मग कॉसमॉसची वेळ आली. काका कॉसमॉस कधी पेरत नाहीत. गेल्या हंगामाचं बी वाऱ्याने झडतं, मातीत पडून राहतं आणि दिवस पालटले, की आपलं आपण उगवतं. वाटेल तिथे, पायवाटेतसुद्धा. पायवाटेतल्या रोपांना काका उभ्याने जाणारे म्हणतात आणि त्यांच्यावरून पाय उचलून जातात. त्या वर्षी गल्लीत सगळ्यांकडे कॉसमॉस वर आला. काकांनीच दिलेल्या बियांचा. बेकरीच्या गटारातही आला. आमच्याकडे काही नाही.

संध्याकाळी मी वह्या तपासत होतो. काका शेजारी येऊन बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुझी साल तिकीट बघते का रे?"

मी म्हटलं, नाही काका. ती सगळ्यांचाच उजेड अडवते. तण काय, फूल काय, तिला सारखंच.

"म्हणजे पासवालेही खालीच राहिले."

तीन इंच असती तर एखाददुसरं रोप वर आलंही असतं. गुडघाभर सालीतून बी काय, बेडूकही वर येणार नव्हता. आणि सुट्टी तर तोंडावर आली होती. थोडे दिवस दम धरला असता तर बाग वाचली असती. पण कुठली बाग, असा तो प्रश्न होता, आणि तो काकांनी मला विचारला नाही, हे त्यांचे उपकार.

पुढे जे झालं ते एका पहाटे, झुंजुमुंजू असताना. मागे खसफस ऐकू आली म्हणून मी उठून खिडकीतून पाहिलं. काका वाफ्यात बसलेले होते. नीट, मांडी ठोकून, सालीच्या गादीवर. दोन्ही हातांनी ते साल बाजूला सारत होते, मांजर उकरतं तसं, पण हळू. मला कळेना, आता काय करावं. गुपचूप जाऊन त्यांना उठवावं, मावशी उठायच्या आत, असं ठरवून मी वळलो, तर मावशी माझ्या मागेच उभी. ती कधीपासून बघत होती कोण जाणे.

ती चप्पल घालून सरळ मागे गेली. मी दारातच थांबलो. आता फोन होणार, मिस्त्री येणार, दोन दिवसांत उडवून देणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

काकांनी तिच्याकडे वर पाहिलं. नुसतं बोट दाखवलं. त्यांनी उकरलेल्या खड्ड्यात, मातीला लागून, एक कॉसमॉसचं रोप होतं. पांढरंफटक, दोऱ्यासारखं, वाकडं होऊन वरची वाट शोधत असलेलं. मावशीने ते वाकून पाहिलं. मग काका म्हणाले की हे राहू दे, आधी तुझ्या लिंबाकडे बघ, त्याच्या बुंध्याचा वास घे.

लिंबाचं नाव निघालं तशी मावशी सगळं विसरली. सालीचा ढीग तिकडे सगळ्यात उंच होता, कारण टोकाला जागा आहे म्हणून आम्ही तिकडेच सरकवत नेली होती. मावशी खटकन गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी बुंध्याभोवतीची साल ओढायला लागली. आत ती ओली, काळी झाली होती आणि खोडाची कातडी एके ठिकाणी मऊ पडली होती. तिने मला हाक मारली, नावाने नाही, "ए गणिता" अशी, आणि वरून खालपर्यंत माझा उद्धार केला. पण हात थांबले नाहीत. काका बसल्या बसल्या सरकत तिच्याजवळ गेले आणि पलीकडच्या बाजूने काढायला लागले. त्यांना त्या झाडाला हात लावायला बंदी होती. त्या दिवशी तिने काही म्हटलं नाही. मी घमेलं आणलं. थोड्या वेळाने बुंधा मोकळा झाला, वारा लागला. मावशीने हात झटकले, पदर खोचला आणि उठायला गेली.

उठता येईना.

एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मग ती काकांना म्हणाली, "अहो, हात द्या जरा."

"देतो," काका म्हणाले. "आधी मला कोणीतरी द्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशीच्या रागावलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू फुटायला लागलं. आधी नाकातून हसली, मग तोंडावर हात धरून, मग हात सोडून. काका तर डोळे पुसत होते. मी मदतीला धावलो तर मावशीने मला हातानेच थांबवलं. बसू दे म्हणाली, इतकी वर्षं झाली, इथे खाली बसून बाग कशी दिसते ते मी पाहिलंच नव्हतं. मग तिने काकांना विचारलं, ते तिकडचं काय आहे. काका म्हणाले, तो लव्हाळा, सालीतून वर आलेला एकटाच बहाद्दर. ती म्हणाली, उपटा की. काका म्हणाले, याला मी सोडलाय.

ऊन अंगावर यायला लागलं तेव्हा मी बेकरीवाल्याला बोलावून आणलं. एकेका बाजूने धरून आम्ही आधी मावशीला उठवलं, मग काकांना. बेकरीवाला म्हणाला, आता जोडीने बसायला लागलात, म्हणजे मला कायमचा ठेवून घ्या.

चहा झाला आणि मावशीने मिस्त्रीला फोन लावला. फोन कानाला लावून ती बोलत होती, आज या, आजच, टेप घेऊन या. काकांनी चहाचा पेला खाली ठेवला. मी काहीतरी मधे बोलायला गेलो, तर त्यांनीच मान हलवून नको म्हटलं. ठरलं ते ठरलं. बसलो होतो, दिसलो.

मिस्त्री आला. त्याने सवयीने फरशीचे नमुने आणले होते, तीन रंगांत. मावशीने ते बघितलेही नाहीत. त्याला सरळ मागे घेऊन गेली आणि आपल्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढ्या उंचीचा वाफा बांधायचाय. विटांचा. ह्या भिंतीला लागून, इथून तिथवर. आत माती."

मिस्त्री म्हणाला, फरशी ठरली होती ना. त्यावर मावशीने त्याला ऐकवलं की ह्यांचे गुडघे वाकत नाहीत, तर माती वर येऊ दे, त्यात तुमचं काय जातं. मिस्त्रीने पुन्हा तक्रार केली की तो फरशीचा माणूस, विटा लावणं त्याच्या भावाचं काम. मग बांधल्याही त्यानेच. भाऊ बोलतो कुठे त्याच्याशी.

काकांचा चेहरा तेव्हा मी पाहिला. ते आत गेले, आणि आतून पेल्यावर दोन टकटक ऐकू आल्या. पेल्यात काही नव्हतं.

खालच्या वाफ्यांतली साल आम्ही काढून दोन-तीन बोटं ठेवली. या वेळी मी बाराने भागलं आणि मावशीने माझं उत्तर बेकरीवाल्याकडून तपासून घेतलं. उरलेली साल गल्लीभर वाटली. आता सगळ्यांच्या कुंड्यांत ती आहे आणि तण कोणाकडेच नाही, त्यामुळे काकांचं बाहेर काही चालत नाही. कोथिंबीर सुखात आहे. लिंबाच्या बुंध्याभोवती परातीएवढी जागा मोकळी ठेवली आहे, आणि तिच्यात सालीचा एक तुकडा जरी घरंगळला, तरी मावशी मला हाक मारते. खोडावर ती मऊ जागा सुकून खपली धरते आहे. खालचे वाफे स्वच्छ असतात, तिथे कोणी बसत नाही. वरच्या, विटांच्या वाफ्यात मात्र साल घालायची नाही असं मावशीनेच ठरवलं. तिथे कोण चढेल ते चढू दे म्हणाली. साल काढताना खाली त्या पहिल्यासारखी आणखी बरीच पांढरी रोपं निघाली होती, ती काकांनी एकेक करून तिथे नेऊन लावली. आठवडाभर ती आडवी पडून होती, जगतील असं मला वाटत नव्हतं. मग हिरवी झाली.

राहिला प्रश्न बसण्याचा. उभं राहून किती वेळ खुरपणार? स्टूल ठेवलं तर ते बुटकं, खुर्ची ठेवली तर हात अडतात. काका एक दिवस डेपोत गेले आणि भंगारातल्या गाडीचं कंडक्टरचं सीट घेऊन आले. एकट्याचं, दाराजवळचं. मिस्त्रीने ते सिमेंटमध्ये नीट पक्कं करून दिलं. उंची अशी साधली, की काका टेकले की हात बरोबर मातीत. सुट्टीला नात आली तेव्हा तिने पहिलं ते सीट बळकावलं आणि काकांनाच तिकीट विचारलं. ते म्हणाले, पास आहे. ती म्हणाली, दाखवा. अर्धा तास हे चाललं होतं. मावशी आणि तिची लेक लिंबाखाली खुर्च्या टाकून बसल्या होत्या आणि फरशीचा विषय कोणी काढला नाही.

ते सीट काकांना डेपोच्या स्टोअरकीपरने दिलं. भंगार म्हणून त्याने काही घेतलं नाही, पण एक अट घातली. डेपोच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना कॉसमॉसची रोपं लावून द्यायची. काकांनी हो म्हटलं, हातावर हात मारून.

त्याला बराच काळ लोटला. बी काकांच्याकडे कितीही मागा, मूठभर देतील. रोपाचं तसं नाही, विशेषतः या रोपांचं. स्टोअरकीपरचा पहिला निरोप आला तेव्हा काका म्हणाले, अजून कोवळी आहेत, आत्ताच तर सावरली. दुसरा निरोप आला तेव्हा कळ्या आल्या होत्या, आणि कळ्यांत असताना कोणी हलवतं का? तिसऱ्या निरोपाला ती भरात फुललेली होती, तेव्हा तर विचारायचंच काम नाही. परवा मी डेपोजवळून जात होतो तर स्टोअरकीपरने मला फाटकातच धरलं आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंची उघडी माती दाखवली. मी घरी येऊन काकांना सांगितलं. त्यांनी पिशवीतून बी काढलं, पुडी बांधली आणि मला म्हणाले, हे त्याला देऊन ये, भरपूर आहे.

काल मी पुडी घेऊन गेलो. स्टोअरकीपरने ती उघडून पाहिली, बंद केली आणि माझ्या खिशात परत ठेवली. म्हणाला, "बी नको. रोपं ठरली होती."

पुडी माझ्या खिशातच आहे. काकांना अजून सांगितलेलं नाही.